खोकल्याची जागा

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. पत्र लांबलं, कान पिळलास तरी चालेल.

आई उद्या तुझ्याकडे पोचेल. तिच्या नव्या चष्म्याच्या काचा मीच दुकानात घासून बसवल्या, पण डोळेच साथ देत नाहीत. म्हणून दुकान बंद करून आलो की संध्याकाळची प्रार्थना मी तिला वाचून दाखवतो.

ताई, माझा देवावरचा विश्वास उडालाय. राग नाही, भांडण नाही. काचा घासताना तंद्री लागते तुला ठाऊकच आहे; तशात एकदा वाटलं, ऐकणारं कोणी नाहीच. आता ‘तू आम्हाला सांभाळशील याची मला खात्री आहे’ ही ओळ आली की जीभ अडते. मी खोकतो आणि पुढची ओळ धरतो. आईला पत्ता नाही, पण तिला फसवतोय हे मनाला खातं. सांगून टाकावं तर ती खचेल. काय करू?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
धाकटा


११ जून

चि. तंद्रीनाथास,
अ. उ. आ.

आई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

तुझं पत्र वाचलं. तिला दाखवलं नाही. पण काल मी प्रार्थना वाचत होते, तर त्या ओळीनंतर आई ती पुन्हा पुटपुटली. विचारलं तर म्हणाली, सवय झालीय. आधी तिला तुझा खोकला खरा वाटला, औषधाची बाटलीही आणली. (तू ती मुकाट प्यायलास? धन्य आहेस.) मग तिच्या ध्यानात आलं की खोकला एकाच ओळीला येतो. तेव्हापासून ती ओळ ती मनात दोनदा म्हणते, एकदा स्वतःची, एकदा तुझ्या वाटची.

वाईट वाटलं का, असं मी विचारलं. आधी फार वाटलं, म्हणाली. पण पटत नाही ते पोरगा तोंडदेखलं म्हणत नाही, याचं बरंही वाटलं. तक्रार एकच, तू खोकून लगेच पुढे पळतोस आणि तिचं दुसऱ्यांदा म्हणणं अर्धवट राहतं.

जेवत जा. माया आहेच.

तुझी
ताई


२५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. आई सुखरूप पोचली.

देव परत सापडला असं म्हणणार नाही. पण माझ्यासाठी रोज कोणी काही मागतं, यावर विश्वास बसलाय, आणि मी फार सुखात आहे. काल ती ओळ आली तेव्हा खोकलो नाही. आईचे ओठ हलायचे थांबेपर्यंत गप्प बसलो, मग पुढचं वाचलं.

तुझा लोभ असाच राहू दे.

तुझा
धाकटा