अकोल्याच्या प्लेटा

अमरावती,
गुरुवार, १५ डिसेंबर १९६६

प्रिय दादा,

बाबांचं कार्ड तुला पोचलं असेल. 'इकडे सर्व खुशाल' असं त्यांनी लिहिलं, ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. इकडे काही खुशाल नाही. आईनं कळवू नको म्हटलं, बाबांनी तर शपथच घातली, की धर्मपालच्या डोक्याला आता ताप नको, त्याचं स्वतःच्या वर्कशॉपचं काम होऊ घातलंय. पण ज्याच्यापायी हे सगळं झालं त्यालाच ते कळू नये, हे काही मला पटेना. रागानं लिहीत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, रागानंच लिहिते आहे. तू आधी सगळं वाच आणि मग हवं तर तूही रागाव.

माझ्या हाताला महारोग आहे असं अचलपूरच्या पाहुण्यांनी ठरवलंय. त्यांनी ठरवलं आणि आता आपला मोहल्लाही ठरवतो आहे. नळावर मी घागर ठेवली की बायका आपापल्या घागरी जरा सरकवून घेतात. कोणी काही बोलत नाही. बोलल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते, तुला माझं तोंड माहीत आहे. पण सरकवलेल्या घागरीला काय सुनावणार?

ते लोक मला पाहायला आले ते तुला कळवलंच होतं. मुलगा यशवंत, तिकडच्या शाळेत मास्तर. सोबत वडील खुशालराव आणि आत्या माणिकबाई. आई लहानपणीच गेली म्हणून आत्यानंच त्याला वाढवलं, त्यामुळे पसंती-नापसंती सगळी तिच्या हातात. दादा, मुलगा मला आवडला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. चहा फार गरम होता. त्यानं घोट घेतला, जीभ भाजली, आणि काही झालंच नाही असं तोंड करून तो भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहत बसला. मी पाहिलं आणि मी पाहिलेलं त्यानं पाहिलं. मला हसू आवरेना, म्हणून मी मान आणखी खाली घातली. सगळ्यांना वाटलं, मुलगी काय लाजाळू आहे.

मग माणिकबाईंनी बांगडीचं माप पाहायचं म्हणून माझा हात मांडीवर घेतला. त्या हाताची काय दशा होती ते तुला सांगायला नको. तुझी चिठ्ठी आली होती, अकोल्याच्या शेठला नवीन वर्षाच्या आत रेडिओच्या प्लेटांचा मोठा डबा पाहिजे, शालू, जरा हात चालव. मी हात चालवला. बांबूच्या काडीनं प्लेट हलवली तर कडेचं तांबं गेलं की नाही ते नीट दिसत नाही, म्हणून घाईत बोटांनीच उचलून उजेडात धरत होते. तांबं खाणाऱ्या फेरिकचं ते तांबडं-पिवळं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळायचं. बोटं तर पिवळी झालीच, मनगटावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला. लिंबू झालं, चिंच झाली, चुलीतली राख झाली, निघेना. आईनं विचारलं तेव्हा रंगाऱ्याचा डबा सांडला म्हणून सांगितलं.

आईनं मला आधीपासून पढवून ठेवलं होतं, की नजर खाली, हसायचं नाही, आणि त्यांनी काही केलं तरी हात ओढून घ्यायचा नाही. माणिकबाईंनी खुशालरावांशी बोलता बोलता चोळीची पिन काढली आणि त्या डागावर टोचली. दादा, मुंगी चावली तरी मी घर डोक्यावर घेते. इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं, पण मी मान वर केली नाही, हात हलवला नाही. मला वाटलं, पोरगी सोशीक आहे की नाही हे पाहून राहिल्या असतील. मी दात आवळून बसले आणि मनात म्हटलं, झालं, पास झाले. माणिकबाईंनी माझाच पदर ओढून माझा हात झाकला, उठल्या आणि म्हणाल्या, गाडीची वेळ झाली. पोहे तसेच राहिले. मुलाला तर काय झालं तेही कळलं नाही, तो आत्याच्या मागे जाताना दोनदा वळून पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ नत्थुजी आले. ते दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. बाबांना म्हणाले, "पोरीच्या हाताले पिन टोचली तं तिले कळलंच नाही, देवरावजी. पयले डॉक्टरले दाखवा." मी आतून ओरडले, की कळलं होतं, फार दुखलं होतं. पण तेव्हा न ओरडणारी मुलगी आता ओरडून काय उपयोग? आईनं मला गप्प केलं आणि रात्रभर माझी बोटं एकेक करून दाबत बसली. शालू, हे कळते काय, हे कळते काय, एवढंच विचारत होती.

बाबा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी डोळे मिटायला लावून कापसानं, सुईनं सगळीकडे पाहिलं. मला सगळं कळत होतं, प्रत्येक वेळी मी हो म्हणत होते. त्यांनाही तो रोग वाटला नाही. पण मग हा डाग कशाचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, काही औषध, काही तेजाब, काही हाताळतेस का? बाबा शेजारीच बसले होते. मी म्हटलं, नाही. डॉक्टर म्हणाले, डाग कशाचा ते समजल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही, महिन्यानं पुन्हा आणा. बाहेर आल्यावर बाबा सायकल हातात धरून चालत होते. एरवी मला मागे बसवतात. मी बसते म्हणाले नाही आणि तेही बस म्हणाले नाहीत.

मी तिथं नाही का म्हटलं, ते तुला आणि मलाच माहीत आहे. पहिली प्लेट आठवते तुला? मुंबईहून तू तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला तो तक्ता आणलास, पुस्तकातली रेडिओची आकृती त्यावर काळ्या एनॅमल रंगानं काढलीस, फेरिकमध्ये बुडवून नको असलेलं तांबं खाऊ घातलंस, आणि रेडिओ काही बोलेना. तू आठवडाभर जेवताना कोणाशी बोलला नव्हतास. तेव्हा मीच म्हटलं होतं, की तू आकृती वरच्या बाजूनं पाहून काढलीस, तांबं तर खालच्या बाजूला असतं, सगळं उलटं झालंय. छापखान्याचे ब्लॉक करणाऱ्या रामरावांकडे उलटी अक्षरं पाहिली होती म्हणून सुचलं. मग मी उलटी आकृती काढली. माझ्या हाताची रेघ बारीक आणि सारखी येते, तुझी थरथरते. रेडिओ लागला तेव्हा तू मला उचलून गरगर फिरवलंस आणि आपण दोघं पडलो. त्या दिवसाइतकी खुशी मला आजवर झाली नाही.

तीच प्लेट घेऊन तू अकोल्याला गेलास आणि शेठनं तुला कामावर ठेवून घेतलं. परत आलास तेव्हा मला मागच्या खोलीत नेऊन सांगितलंस, "शालू, कोणाले सांगू नको. पोरीनं केलं म्हटलं तं शेठ हात लावणार नाही. बाबाले तं बिलकुल नको, ते कचेरीभर सांगतील." तेव्हा मला काहीच वाटलं नाही, उलट मजा वाटली. आई कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, बाबा कचेरीत गेले की घर माझं. चिंचेनं तांबं चकचकीत घासायचं, रेघा काढायच्या, रंग वाळला की काचेच्या बशीत प्लेट उन्हात ठेवून हलवत राहायचं. लाल तांबं हळूहळू नाहीसं होतं आणि फक्त माझ्या रेघा उरतात. मला ते काम आवडतं, दादा. एकदा घाईत पितळी चिमटा वापरला तर त्याचं टोकच खाल्लं पाण्यानं, आईला वाटलं उंदरांनी नेला. बिस्किटाच्या डब्यात प्लेटा भरून एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या की मी मोकळी. इकडे बाबा सगळ्यांना सांगतात, आमचा धर्मपाल अकोल्याले प्लेटा बनवते, तशा आख्ख्या वऱ्हाडात कोणी बनवत नाही. मी चहा ठेवता ठेवता ऐकते. आधी हसू यायचं, अलीकडे येत नव्हतं.

तरीही मी बोलले नसते. डॉक्टरांकडून आले त्या दिवशीही मी ठरवलं होतं, की तुझं वर्कशॉप होऊन जाऊ दे, डाग काय, जातील आपोआप. पण त्याच रात्री आईनं माझं ताट वेगळं मांडलं. माझा पेला, माझं ताट, खिडकीत. माझ्या मनाला लागू नये म्हणून ती स्वतःचंही ताट वेगळंच ठेवते आणि म्हणते, चुलीपुढं जागा लहान पडते ना बाई. बाबांनी ते ताट पाहिलं. आपले बाबा, ज्यांनी कचेरीबाहेरच्या हॉटेलात फुटका कप वेगळा दिला म्हणून तो तिथंच फोडला होता आणि दीक्षेनंतर कोणाच्याही घरी वेगळ्या भांड्यातलं पाणी प्यायले नाहीत, ते खाली मान घालून जेवत राहिले. मी म्हटलं नाही की मला रोग नाही. खरंच रोग असता तरी हे ताट वेगळं व्हायला हवं होतं काय, हेच डोक्यात घोळत राहिलं. महारोग्यांच्या वसाहतीत राहतात त्या बायकांचीही आई असेल ना.

आणि परवा यशवंत आले. एकटेच आले, आत्याला न विचारता, शाळेतून रजा घेऊन. आईनं त्यांना बाजेवर बसवलं आणि मला आत राहायला सांगितलं, पण त्यांनी बाबांची परवानगी घेऊन मला बाहेर बोलावलं. त्यांनी माझ्या हाताकडे सरळ पाहिलं, तोंड फिरवलं नाही. म्हणाले, "तुमी काहीतरी लपवून राहिल्या, एवढं मले दिसते. रोग असंल तरी सांगा, नसंल तरी सांगा. पण खरं सांगा." बाबा माझ्याकडे पाहत होते. आई दाराआड होती, तिच्या बांगड्याही वाजत नव्हत्या. तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, रविवारी सांगते. ते म्हणाले, बरं, रविवारी येतो, आत्यालेही आणतो. ते गेल्यावर बाबांनी मला दोन्ही खांद्यांना धरलं आणि विचारलं, "काहून बोलून नाही राहिली तू?" मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, दादा, आणि तरी मी काही बोलले नाही. ते शेवटचं गप्प राहणं तुझ्यासाठी.

आता हे पत्र का, ते ऐक. रविवारी दुपारी मी अंगणात बशी मांडणार आहे. बाबा, आई, यशवंत, माणिकबाई, सगळ्यांसमोर एक प्लेट पहिल्यापासून शेवटपर्यंत करणार, उघड्या हातांनी, आणि सांगणार की अकोल्याच्या प्लेटा या अशा होतात आणि इथं होतात. सोमवारी डॉक्टरांनाही तेच सांगणार. पोरीनं तेजाबात हात घातले म्हणून माणिकबाईंना ते रोगापेक्षा वाईट वाटलं तरी वाटू दे. मी तुझी परवानगी मागत नाहीये. बाबा सोमवारी कचेरीत सांगतील, आणि मंगळवारपर्यंत ते एसटीनं अकोल्याला पोचेल. त्याआधी शेठला तू स्वतःच्या तोंडानं सांगावंस, तेवढा वेळ तुला मिळावा, म्हणून हे लिहिलं. कंडक्टर आज फक्त हे पत्र आणतोय, डबा नाही. शनिवारच्या गाडीनं आलास तर रविवारी माझ्याजवळ उभा राहा, मी तुझी बाजू सोडणार नाही, बाबा कितीही बोलले तरी. नाही आलास तरी मी एकटीनं सगळं सांगेन. फक्त मग बाबांनी विचारलं, की प्लेटा कोण करतं ते माहीत असून धर्मपाल इतके दिवस गप्प कसा बसला, तर त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते त्यांना तुला द्यावं लागेल.

तुझीच,
शालू