झोपायला चांगली जागा

६ डिसेंबर, शनिवार

पोचले एकदाची! इतकी खूश आहे की बॅगसुद्धा न उघडता लिहायला बसले.

सकाळी गोंदिया स्टेशनबाहेर हिमांशू गाडी घेऊन उभा होता. कॉलेजात होता तसाच आहे, फक्त पोट सुटलंय आणि डोळ्यांखाली काळं आलंय. म्हणाला, मोनू रात्रभर जागवते. मोनू म्हणजे त्याची दोन वर्षांची मुलगी. मी तिच्यासाठी आणलेलं लोकरी टोपरं त्याच्या हातात दिलं, तर हा भला माणूस चक्क रडवेला झाला.

आधी बोदलकशाला गेलो. तलाव सुरेख, पण काठावर गळ टाकून बसलेली माणसं, सहलीच्या गाड्या आणि प्रत्येक गाडीत वेगळं गाणं. मी म्हटलं, इथे तंबू टाकले तर पाहुणे पहाटेच पळून जातील. हिमांशू म्हणाला, म्हणून तर तुला आणलं यार, तुला जागा दिसते.

माझं काम असं: दरेकशाच्या बाजूच्या डोंगरांत तंबू लावण्याजोग्या जागा शोधायच्या, पसंत पडली की तिथे एक रात्र स्वतः झोपून बघायचं, मग त्याच्या कंपनीने तिथे मुक्कामाची सोय करायची. नागपूरच्या ट्रॅव्हल एजन्सीत इतकी वर्षं दुसऱ्यांची तिकिटं काढली, आता स्वतः हिंडणार. पावसाळ्यात आई गेली तेव्हा दवाखान्यापासून घाटापर्यंत सगळं हिमांशूनेच केलं, आणि आता ही नोकरीही त्यानेच दिली.

हिरडाटोला हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. राहायची सोय लीलाधर पटले यांच्या घरी. धानाचे शेतकरी, पन्नाशीचे, बोलणं कमी. त्यांची बायको रुख्माकाकी मात्र गोड. दारातच माझी बॅग हातातून घेतली आणि विचारलं, “एकटीच आली का वं पोरी?” हो म्हटलं, तर जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. हिमांशू गाडीतून उतरलाच नाही. उशीर होतोय म्हणाला आणि निघून गेला.

रात्री गरम भात, लाखोळीची भाजी, जवसाची चटणी. दोनदा भात वाढून घेतला.

८ डिसेंबर, सोमवार

काल दोन जागा बघितल्या. एक उताराची, दुसरीवर वाळक्या फांद्यांचं मोठं झाड; वारा सुटला की तंबूवरच येईल. आज लीलाधरभाऊंनी तिसरी दाखवली आणि माझं कामच झालं!

वस्तीमागून पायवाट चढते. मोहाची, साजाची झाडं आणि मग अचानक मोकळं सपाट पठार. एक दगड नाही, वारूळ नाही. गवत कमरेएवढं असायला हवं या दिवसांत, पण इथे घोट्याएवढं, मऊ. कडेला झरा. खाली पार दूरवर धान कापून झालेली शेतं. जमीन लीलाधरभाऊंच्या मालकीची, म्हणजे वनखात्याची परवानगी मागायलाही नको. मी विचारलं, इथे कोणी गुरं का चारत नाही? ते म्हणाले, “गुरं नाई येत.” एवढंच. गुरांची मर्जी.

हिमांशूला फोटो पाठवले. एका मिनिटात उत्तर: आजच रात्र काढ तिथे. रुख्माकाकींनी भाकरी आणि चटणी बांधून दिली, वरून स्वतःची गोधडीही दिली. गोधडी देताना माझ्याकडे बघितलं नाही. घाईत असतील.

आत्ता तंबूत आहे. ऊन कलतंय. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आई गेल्यापासून पहिल्यांदा सलग झोपले. स्वप्न नाही, कूस बदलणं नाही.

एक गोष्ट मात्र समजली नाही. सकाळी बाहेर आले तर माझ्या तंबूपासून थोड्या अंतरावर गवतात एक पिवळा चौकोन होता. तंबू आठवडाभर एका जागी राहिला की खालचं गवत असंच होतं: पिवळं, चपटं, ओलसर, आणि तंबू उचलला की उजेडाने बावचळलेले किडे इकडेतिकडे पळतात. तसंच. किडे पळत होते. म्हणजे कोणीतरी आत्ताच तंबू उचलून नेला होता.

काल तो चौकोन नव्हता. फोटो पुन्हा पाहिले. नव्हता. लीलाधरभाऊ मला घ्यायला आले होते, पण पठाराच्या कडेलाच थांबले. मी हाक मारून दाखवलं. ते बघायला आले नाहीत. म्हणाले, “चला मॅडम, झालं काम.”

आज खोलीवरच झोपणार. बाकीच्या जागा उद्या.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी रुख्माकाकींच्या ओरडण्याने जाग आली. मागच्या परसात वालाचा वेल आहे, माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच. त्याखाली तोच चौकोन. वेल पिवळा पडून जमिनीला चिकटलेला, शेंगा मऊ झालेल्या. मी कालच संध्याकाळी त्याच्या शेंगा तोडल्या होत्या. हिरवागार होता.

मी वाळवी म्हटलं, बुरशी म्हटलं. लीलाधरभाऊ खुरपं घेऊन आले आणि सगळा वेल उपटून दूर नेऊन जाळला. मग दोघं आत गेले आणि बराच वेळ दबक्या आवाजात भांडले. पोवारी बोलीत, म्हणून मला नीट कळलं नाही. ओमेशचं नाव मात्र कळलं. ओमेश त्यांचा मुलगा, गोंदियाला राइस मिलमध्ये असतो.

खाट त्या भिंतीपासून ओढून दुसऱ्या बाजूला लावली. मलाच हसू येतंय.

११ डिसेंबर, गुरुवार

हसू नाही येत.

चौकोन आता खोलीत आहे. सारवलेल्या जमिनीवर, माझ्या खाटेच्या शेजारी. तिथलं सारवण पांढुरकं पडलंय, ओल आलीय, गोम फिरत होती. आणि आज नुसता चौकोन नाही. त्याच्या आत माणूस झोपून उठल्यासारखा खोलगट ठसा आहे. डोकं, खांदा, गुडघे पोटाशी घेतलेले. आणि एक हात लांब केलेला.

माझ्या खाटेकडे.

हिमांशूला फोन केला. मी काय पाहिलं ते सांगायच्या आधीच त्याने विचारलं, नीतू, तू वर झोपलीस ना? पूर्ण रात्र? नक्की? मी हो म्हटलं. तर पलीकडे त्याने श्वास सोडला. खूप दिवस धरून ठेवलेला असावा तसा. मग हसला की रडला, मला कळलं नाही. बायकोला हाक मारून काहीतरी सांगितलं. मग फोन ठेवून दिला.

पुन्हा लावला. उचलत नाही.

आज झोपणार नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रात्र जागून काढली. सकाळी जमीन तशीच होती. जागं राहिलं की ते पुढे येत नाही. पण दुपारी ओसरीवर उन्हात बसले होते आणि कधी डोळा लागला समजलंच नाही. मनगटाला गार लागलं म्हणून दचकून उठले.

डाव्या मनगटावर चार पिवळट पट्टे आहेत. बोटांएवढे. चोळून, साबणाने धुऊन जात नाहीत. त्या जागेची त्वचा ओली, सुरकुतलेली, फार दिवस पट्टी बांधून सोडल्यावर दिसते तशी.

रुख्माकाकींनी ते पाहिलं आणि खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

त्या पठारावर जो झोपेल, त्याच्या मागे ते लागतं. तो जिथे झोपेल तिथे येतं, दर झोपेला जवळ. शेवटी शेजारी येतं. मग तो माणूस सकाळी नसतो, नुसता पिवळा ठसा असतो. सुटायचा एकच मार्ग. दुसऱ्या कोणाला तरी वर झोपवायचं. मग ते पहिल्याला सोडून नव्याच्या मागे जातं.

गेल्या वर्षी कापणीच्या दिवसांत ओमेश वर झोपला. दारू पिऊन, पैजेवर. त्याच्या खाटेपर्यंत आलं. तेव्हाच हिमांशू आणि त्याचा भागीदार स्वप्निल जागा शोधत इकडे आले होते. लीलाधरभाऊंनी त्या दोघांना वर नेऊन झोपवलं. ओमेश सुटला. स्वप्निल गेला. एक माणूस घेतला की ते वर्षभर गप्प असतं, मग वर झोपलेल्यांपैकी शेवटी जो उरला त्याच्याकडे परत येतं; हे हिमांशूला तेव्हाच सांगितलं होतं. यंदा धान कापणीला हिमांशूच्या घरी सुरू झालं.

स्वप्निल दुबईला गेला, असं मला हिमांशूने सांगितलं होतं.

मी काकींना विचारलं, तुम्ही मला जेवायला वाढत होतात. गोधडी दिलीत. त्या म्हणाल्या, “माह्या पोराचं होतं ते. तुले आई असती त तिनं बी हेच केलं असतं.” मग म्हणाल्या, “हिमांशूनंच सांगतलं, इच्या मांगं इचारणारं कोनी नाई.”

संध्याकाळी

हिमांशूने फोन घेतला. आता लपवायचं काही नव्हतं. मोनूच्या खिडकीखालच्या हिरवळीवर आलं होतं, म्हणाला. मग बैठकीच्या फरशीवर. मोनू त्याच्या कुशीत झोपते. तो दिवसेंदिवस जागत होता, शेवटी जमेना. म्हणाला, “मैं क्या करता, नीतू? तुझ्या मागे कोणी नाही. मला पोर आहे.”

दवाखान्यात आईच्या उशाशी बसून त्याने मला विचारलं होतं, आता तुझं कोण कोण आहे. मला वाटलं, काळजीने विचारतोय.

मग म्हणाला, ऐक, तुझ्यासाठीही सोय केलीय. मी तुला मरायला नाही टाकलं. खुशी नावाची मुलगी आहे, नवी घेतलीय कामावर. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने दरेकशाला येईल. तिला वर ने. एक रात्र. तू मोकळी.

मी नाही म्हटलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

जागी आहे. डोक्यावर गार पाणी ओतून घेतलं. अंगणात चकरा मारते. बसले की मान पडते. उभ्याउभ्यासुद्धा —

माझी बॅग बाहेर आणून ठेवलीय. घरात घेत नाहीत. रुख्माकाकी दाराआडून चहा ठेवतात आणि दार लावून घेतात.

फोनमधली नावं वरखाली केली. एजन्सीतले लोक. घटस्फोट झालेला नवरा. गॅसवाला. पोलिसांना काय सांगू, गवत पिवळं पडलं? हिमांशूने बरोबर ओळखलं. कोणी नाही.

लीलाधरभाऊ दुपारी आले. उद्या मोटारसायकलने स्टेशनवर सोडतो म्हणाले. आवाज मऊ. तंबू वर नेऊन लावून ठेवलाय म्हणे. मी त्यांच्या अंगणातून निघून जावं, एवढंच त्यांना हवंय.

खुशी. बघितली नाही अजून. बरंच आहे. न बघितलेलं सोपं —

नको.

पण झोप. नुसती एक झोप —

१४ डिसेंबर, रविवार

दरेकसा स्टेशन. लिहीत राहिलं की डोळे उघडे राहतात. म्हणून सगळं लिहिते.

गाडी आली. खुशी उतरली. बावीस-तेवीसची, पाठीवर लाल बॅग. पहिलीच नोकरी. मला वाकून नमस्कार करायला गेली, ताई ताई करत. आईने तिळाचे लाडू दिलेत, एक माझ्या हातावर ठेवला. तेवढ्यात आईचाच फोन. पोचलीस का, जेवलीस का. हो गं आई, नीतूताई आहेत सोबत, म्हणाली.

सोबत.

लीलाधरभाऊ फाटकाशी उभे. मला खुणावत होते, चला चला.

मी तिला सांगितलं. सगळं. आधी तिला वाटलं मला नोकरीत वाटेकरी नको आहे. चिडली. हिमांशू सर तर म्हणाले तुम्ही खूप चांगल्या आहात. मग मी बाही वर केली. पट्टे कोपरापर्यंत गेलेत. तिने हात लावला आणि झटकन काढून घेतला.

परतीची गाडी आली. तिला चढवलं. ती खिडकीतून म्हणत होती, ताई, तुम्हीपण चला, चला ना. नाही गेले. गाडीत बसले की झोपले असते. तिच्या शेजारी. ते तिथेच आलं असतं. तिला लागलं असतं का, माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नाही.

गाडी गेली. लीलाधरभाऊ म्हणाले, “कायले धाडली वापस? आता आमच्या दाराशी येजो नोको.” गाडीला किक मारून गेले.

फलाटावर कोणी नाही. ऊन चांगलं आहे. बाकावर बसले आहे. उभं राहायला हवं. पाय —

हिमांशूचे फोन. सारखे. खुशीने सांगितलं असेल. उचलला. रडत होता. हे काय केलंस, आता तू — आणि तुझ्यानंतर परत माझ्याकडेच — मोनू —

तेवढ्यासाठी रडत होता.

वरच्या दोन ओळींचं अक्षर खाली घसरलंय. मी झोपले नव्हते. नव्हते. पापणी फक्त —

बाकाखालचं गवत

उभं राहायचंय. उजवी बाजू गार झालीय. कोणीतरी शेजारी बसल्यावर बाक जरासा हलतो तसा —

बघणार नाही. लिहिणार.

हिमांशू, तुला एकच सांगायचं होतं. मला सरळ येऊन सांगितलं असतंस ना, मोनूसाठी म्हणून, तर मी आपण होऊन