पहिल्याच घोटाला ग्रासियास

प्रिय एर्मिनिया मावशी,

तुझ्या गुडघ्यांना आणि कोंबड्यांना नमस्कार. (दोघांचं कसं चाललंय ते कळव, गेल्या पत्रात फक्त कोंबड्यांचंच होतं.) मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण आधी कालचं ऐक.

तुला ठाऊकच आहे, इथं ला प्लातात मी बॅटरीसाठी निकेल हायड्रॉक्साइड बनवतो. फिकट हिरवी, विषारी पूड. आत थरावर थर, फटींत पाणी. चार्ज केली की काळी, वीज काढून घेतली की पुन्हा हिरवी, अति चार्ज केली की थर फुगतात. बरणी मिळेना, म्हणून ती तू भाजून पाठवतेस त्या यर्बाच्या, मातेच्या हिरव्या पत्तीच्या, रिकाम्या डब्यात भरली, तुझ्या दोन भरल्या डब्यांशेजारी. चिठ्ठी लावली नाही. (शिव्या दे, पण पुढे वाच.) आणि तुझी यर्बा पडली पिठासारखी बारीक!

काल सकाळी माझ्या गाईड सुलेमाबाई आल्या. "फाब्रिसियो, माते कर रे, डोकं उठलंय." मी घाईत हाताला लागला तो डबा उघडला, मातेचा पोकळ भोपळा भरला, ओढायची नळी खोचली, गरम पाणी ओतलं. बाईंनी एक घोट घेतला आणि भोपळा परत देत म्हणाल्या, "ग्रासियास." मावशी, भोपळा परत देताना आभार मानले म्हणजे आता पुरे, आणखी नको! सहा सहा भोपळे रिचवणारी बाई पहिल्याच घोटाला आभार मानते? म्हणजे मी डबा चुकलो! त्या तशाच घरी गेल्या, फोन बंद. थराथरानं फुगणाऱ्या सुलेमाबाई मला दिसू लागल्या.

भोपळ्यातला गाळ जाळीवर थापला, पोटॅशच्या पाण्यात बुडवला, करंट सोडला. गाळ काळाठिक्कर! म्हणजे निकेलच! मग सुचलं, निकेल असेल तर करंट उलटा केल्यावर पुन्हा हिरवं होईल, वीजही परत देईल. उलटा केला. काळं ते काळंच, वीज कवडीचीही मिळाली नाही. म्हणजे यर्बाच! संध्याकाळी बाईंचा फोन आला, "मावशीला सांग, यर्बा भाजायची असते, जाळायची नसते."

तेव्हा सगळं कुशल आहे.

तुझा फाब्रिसियो

ता. क. आत्ता फळीवर उरलेले दोन्ही डबे उघडले. दोन्हींत यर्बाच. मग गुरुवारी "कुबट लागते, बदलून दे" म्हणून बसनं तुला परत पाठवला, तो डबा कुठला?

ता. ता. क. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात केला. दुकानदार म्हणाला, "बाई जाम भडकल्यात. कुबट म्हणतो काय, मीच पिऊन बघते, असं म्हणत पाणी तापवतायत." मी ओरडलो, धावत जा, भोपळा हिसकावून घे! तो म्हणाला, "त्यांच्या हातातला? मला अजून जगायचंय, बाबा."

मावशी, मला फार भीती वाटतेय. पहिल्या बसनं निघालोय. हे पत्र मीच तुझ्या हातात देईन. दार तूच उघड.