एकोडीचं गंगाळ

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून मी आता चार वर्षांनी मोठी आहे. म्हणून आज जरा तोंड वर करून बोलते, ऐकून घ्या. तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

भंडाऱ्यातला आपला पितळेचा कारखाना बसला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कारखाना म्हणजे काय, एक भट्टी, चार कारागीर आणि दिवसभर ठोकठोक. खेड्यापाड्यांतल्या बायका घरातली फुटकी भांडी, म्हणजे मोड, तुमच्याकडे आणून टाकायच्या. पोरीचं लग्न ठरलं की तेवढ्याच वजनाची नवी भांडी घेऊन जायच्या. चिठ्ठी नाही, पावती नाही, नुसता तुमचा शब्द. आणि तुम्ही काय केलंत? परगावच्या एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली म्हणून ती सगळी मोड त्याच्या मालात ओतलीत. त्याने माल उचलला आणि पैसे बुडवले. तोवर घरोघरी स्टील शिरलं होतं, नवं गिऱ्हाईक येईना. बँकेचे लोक आणि उधारीवर पितळेचा पत्रा देणारे व्यापारी रोज दारात उभे राहू लागले.

वकिलाच्या खोलीत आपण दोघं बसलोय. वकील म्हणतात, नादारीचा अर्ज टाका, आहे ते कोर्ट विकून वाटून देईल, जन्मभर फेडत बसायला नको, पोरगी शिकेल. तुम्ही विचारता, "अन् मोडवाल्या बाया?" वकील हसतात. "कागद आहे का त्यांच्याजवळ? मग कसलं देणं?" बाहेर आल्यावर मी म्हटलं, टाका ना बाबा अर्ज, लोक टाकतातच. तुम्ही सायकल थांबवलीत. "मंग तूच जा एकोडीले. त्या बाईले सांग, तुही मोड बुडली म्हून." आवाजही चढवला नाहीत. एकोडीची ती विधवा बाई मोडीचं गाठोडं डोक्यावर घेऊन बसमधून उतरताना मी पाहिली होती.

कारखाना गेला, घर गेलं, त्यात बँक आणि व्यापारी फिटले. माझं कॉलेज सुटलं. मोडीचं तेवढं राहिलं. मग तुम्ही दुसऱ्याच्या कारखान्यात रोजीने लागलात आणि अर्धी रोजी पैशात, अर्धी पितळेत मागून घेतलीत. तो मालक म्हणाला होता, "काकाजी, येडे झाले काय?" मला तेव्हा त्याचंच पटलं होतं. दिवसभर त्याचं काम, संध्याकाळी बसून त्या बायकांचं एकेक भांडं. अशी सात वर्षं. खोकला लागला तो गेलाच नाही. आई म्हणायची, "साऱ्या जगाचं फेडून राहिले, पोरीचं कोन फेडते?" तुम्ही खाली मान घालून ठोकत राहायचात.

शेवटचं भांडं एकोडीचं, एक गंगाळ. तुम्हाला उठवत नव्हतं, म्हणून मी घेऊन गेले. त्या बाईने मला ओळखलं, पाणी दिलं, पण गंगाळाला हात लावला नाही. "पोरीचं लगन होऊन तीन साल झाले, बाई. स्टीलचे भांडे देल्ले उधारीवर. ते उधारी आत्ता कुठं फिटली. आता हे मले कायले?" मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहून म्हणाली, "तुह्या लग्नात होईन. घेऊन जा."

घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं, तिने गंगाळाला हळदीकुंकू वाहिलं, डोळे पुसले. "अजून काय म्हने?" तुम्ही दोनदा सांगायला लावलंत. मी दोन्ही वेळा वाढवून सांगितलं. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, कोणाचं काही अंगावर न ठेवता गेला माणूस. मी रडले, पण त्याहून जास्त चिडले. अर्ज टाकला असता तर तुम्ही अजून वीस वर्षं जगला असता, असं मला आजही वाटतं.

आणि ते गंगाळ मी घरी आणलंच नव्हतं. साकोलीला बस बदलताना मोडीच्या भावात विकलं आणि बाहेरून परीक्षेला बसायची फी भरली. त्या परीक्षेवर मी मास्तरीण झाले. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही तेच बरं. पोचलं असतं तर तुम्ही मला तेवढ्या वजनाचं पितळ देऊन पुन्हा एकोडीला धाडलं असतं. मी गेले नसते, बाबा.