गटातली कच्ची

३ जून
गट पाडले! चौघी-चौघींचे. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी गेली भलतीकडेच. माझ्या वाट्याला तिघी — विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी अबोली, तोंड मिटायला विसरलेली बडबडी आणि वर्गातल्या सगळ्यांच्या आत्या. आत्या पंधरा वर्षं दवाखान्यात आया म्हणून राबल्या, आता त्यांना रुग्णसेविकेचं प्रमाणपत्र हवंय. वाचतात, पण अक्षरांवर बोट ठेवून.
शिकवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "प्रात्यक्षिकात गटातल्या सगळ्यात कच्चीला जे गुण, तेच चौघींना."
हा कुठला न्याय! ठरलं — तिघींकडून घोटून घेणार.

५ जून
शिपायाच्या मागे लागून सकाळी सातलाच वर्ग उघडायला लावला. बीपी कसं बघायचं ते मी दोनदा समजावलं. अबोली नुसती बघत राहिली. मग बडबडीने तिच्या दंडाला पट्टा बांधला — "हे बघ, नळाच्या पाइपवर मी पाय दिलाय. पाणी बंद! आता पाय हळूहळू उचलते. पहिला आवाज आला की वरचा आकडा. आवाज थांबला की खालचा."
अबोली पाच मिनिटांत शिकली! माझे दोन तास पाण्यात. राग आला. पण ते पाइपचं वहीत लिहून घेतलं.

९ जून
आत्यांना पुस्तक जमत नाही, मला माणूस हलवता येत नाही. चादर बदलताना बडबडीला पलंगावरून पाडणारच होते!
आत्या म्हणाल्या, "अगं, ओढतेस काय? गुडघे वाकव. माणूस आहे, पोतं नाही."
त्या मला रुग्णाला कुशीवर वळवायला शिकवतात, मी त्यांना रुग्णाच्या नोंदींचा तक्ता वाचायला. आणि अबोली आज आपणहून बोलली — "आता मी करते."

१२ जून
फक्त इथे लिहितेय. मला बीपीचा आवाज ऐकूच येत नाही. कानात नुसती घरघर. म्हणून मी स्टेथोस्कोप लावतच नाही — "तुम्ही करा, मी बघते" म्हणून सुटते. जी शिकवते तिने विचारायचं कसं? वर्गातलं यंत्र मागून नेऊन घरी यांच्यावर सराव करीन. जमवणारच.

१५ जून
तासभर यांचा दंड आवळला. काही नाही.
"डॉक्टरीणबाई, आहे ना मी जिवंत?" — हे हसत होते. मला हसू आलं नाही.

१८ जून
परीक्षा. अबोली खणखणीत बोलली. आत्यांनी तक्ता न अडखळता वाचला! बडबडी मोजकं बोलली, म्हणजे कमालच.
माझ्यापुढे एक आजोबा. काटा खाली येत होता, आवाज नाहीच. एकशेवीस-ऐंशी ठोकून दिलं. सिस्टरांनी स्वतः पुन्हा तपासलं. आणि वहीत काहीतरी टिपलं.

२० जून
आमचा गट नापास. सगळ्यात कमी गुण — माझे.
तिघींना वर्गातच थांबवून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता तोंडही बघणार नाहीत. अबोलीने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. "लाव. आत्ता."
मी स्टेथोस्कोप कानात घातला आणि आत्यांनी कपाळावर हात मारला — "अगं बये, उलटा घातलास! टोकं नाकाकडे वळलेली हवीत. विचारायचंस तरी!"
फिरवून घातला.
ठक्. ठक्. ठक्.
फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी. उद्या सातला वर्गात. शिकवणार अबोली.