फाट्यावरचा फ्लेक्स आणि नानांचा पाय

विश्रामबाग, सांगली
१९ जानेवारी २०२५

ती. नानांना शिवांजलीचा वाकून नमस्कार, काकूंनाही.

अकॅडमीनं मोबाईल काढून घेतलेत, म्हणून पत्र. रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो, पण रेक्टरबाई शेजारी बसून ऐकतात आणि पप्पा तिकडून एकच विचारतात, मार्क किती.

नीटची ही तिसरी खेप. गेल्या वर्षी मी नुसती पात्र ठरले, तेवढ्यावर पप्पांनी गावच्या फाट्यावर ‘डॉ. शिवांजली’ असा फ्लेक्स लावला. पात्र ठरणं आणि सीट मिळणं यात केवढं अंतर असतं, हे त्यांना फ्लेक्सवाल्यानंही सांगितलं नाही. आता तो उतरवायचा कुणी? माझ्या फोटोखाली सोळा शुभेच्छुक आहेत. दिवाळीला मी मळ्याच्या वाटेनं घरी गेले.

नाना, मला डॉक्टर व्हायचं नाही. शेतकी बघावी, की वकिली, की स्पर्धा परीक्षा? परवा इथं कलचाचणी झाली. चौसष्ट मुलींपैकी साठ जणींत नेतृत्वगुण निघाले. मेसची भाजी मात्र आहे तशीच आहे.

सोळा फेब्रुवारीला पप्पा फॉर्म भरायला येणार. त्याआधी तुम्ही त्यांना सांगाल का? थोरल्या भावाचं ते ऐकतात.

माया आहेच तुमची. या वेळी ती जरा कामाला लावा.

तुमची
शिवांजली


सातारा
२४ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीला आशीर्वाद. कान धरायचा राहिला होता, तो या पत्रातून धरतो.

ज्ञानू माझं ऐकतो, म्हणजे ऐकून घेतो आणि मग स्वतःचंच करतो. शिवाय त्याला सांगू काय? दसऱ्याला तुला फॉरेन्सिक करायचं होतं, दिवाळीला हॉटेल, आता एकदम तीन. तुझी ‘नको’ची यादी लय लांब हाय बाळ. ‘हवं’ एक तरी लिही, मग बघतो.

मला कुणी कल विचारला नव्हता. सतराव्या वर्षी भरतीत छाती मोजली, उंची मोजली आणि सैन्याचाच कल माझ्याकडे निघाला. बावीस वर्षं निभावलं, डावा पाय गुडघ्याखाली तिकडंच ठेवून आलो. तक्रार न्हाई. पण तुला विचारायची सोय आहे, तर स्वतःला धड विचार.

काकू म्हणते भाजीचा डबा पाठवते. मी म्हटलं, पोरगी त्या उरलेल्या चौघींतली आहे का ते आधी कळू दे.

लोभ कमी होणार नाही, बूड तेवढं स्थिर ठेव.

नाना


विश्रामबाग, सांगली
४ फेब्रुवारी २०२५

ती. नानांना दंडवत.

शनिवारी घोटा मुरगळला, एक्स-रेला मिरजेला धाडलं. माझा नंबर छत्तिसावा. पाणी शोधत खाली गेले, तर तिथं कृत्रिम पाय बनवायची खोली. क्षमा नावाच्या मॅडम एका ट्रॅक्टर ड्रायव्हरला नवा पाय लावून चालवत होत्या. तो हसून सांगत होता, झकास बसला. मॅडमनी काही मनावर घेतलं नाही. पाय काढायला लावला, लाल झालेली कातडी बोटानं चाचपली आणि साचा घासायला बसल्या. असं चार वेळा. मी अडीच तास बघत उभी, तेही मुरगळलेल्या पायावर. एक्स-रेचा नंबर निघून गेला.

याचं वेगळं शिक्षण असतं म्हणाल्या. आणि पेशंट सगळे खोटं बोलतात, हेही.

तेव्हा तुम्ही आठवलात. बारा वर्षं तुम्ही सगळ्यांना ‘एकदम ओके’ सांगता. पण लग्नकार्यात पंगतीला कधी बसत नाही, वाढायला घेता. खरं सांगा, कुठं दुखतं? हे काम शिकणं हेही माझं एक खूळच असेल, तर तुमचं उत्तर वाचून मला कंटाळा येईल. तेच तपासायचंय.

रागावलात तरी चालेल, पण टाळू नका.

शिवांजली


सातारा
११ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजलीला आशीर्वाद. असलं पत्र मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, दोन बोटं रुंदीची जागा. चढताना निभतं, उतरताना चावतं. घाम आला की आग होते, म्हणून दोन मोजे घालतो. मग पाय घट्ट होतो आणि तासाभरात बोटं खाजायला लागतात, जी बोटं मला नाहीतच. मांडी घालता येत नाही म्हणून वाढपी झालो, लोक त्याला सेवाभाव समजतात. हे तुझ्या काकूलाही आत्ताच कळलं. तिनं खांद्यावरून वाचलं आणि आत जाऊन भांडी आदळली.

परवा ज्ञानू कचेरीच्या कामाला आला होता. तुझी दोन्ही पत्रं त्याच्या हातात दिली. दोनदा वाचून म्हणाला, डॉक्टर न्हाई म्हंजे लोकांस्नी काय सांगायचं. मी वाद घातला नाही. पाय काढून ठेवला आणि दुखतं तिथं त्याचं बोट धरून टेकवलं. बारा वर्षांत त्यानं तो उघडा बघितला नव्हता. चहा अर्धाच प्याला. हो म्हणाला नाही, तू धरून चालू नकोस. जाताना दारात चपला घालता घालता विचारून गेला, की ह्याचाबी फॉर्म आसंल की, तारीख कवाची हाय.

मला ठाऊक नाही. क्षमाबाईंना विचार आणि रविवारच्या आत कळव.

जीव अडकला आहे, हे वेगळं लिहीत नाही.

नाना