पडद्यांच्या चौकातली ताई

सोमवार, ६

पोचलो एकदाचे. आईचे पाय सुजलेत, तोंड मात्र सुरू. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! हॉटेलवाला म्हणाला, "इथून तिन्ही चौक चालत गाठता येतात. लोक तेच बघायला येतात." आम्हीही त्यासाठीच आलोय, असं आईने प्रवासात भेटेल त्याला सांगितलं.

खरं कारण इथे लपवण्यात काय अर्थ आहे? आत्तेभाऊ कामासाठी इकडे आला होता. त्याचा फोन आला — "मामी, तुमची थोरली दिसली! मोठ्या चौकात, पडद्यावर!" झालं. तेव्हापासून आईने घर डोक्यावर घेतलं होतं.

ताईला जाऊन नऊ वर्षं झाली. नदीत होडी उलटली. बाकीचे सगळे सापडले, ती नाही.

मंगळवार, ७

आधी कारंज्याचा चौक. मग नाटकांचा — चहूबाजूंनी थिएटरं, तिकिटांच्या रांगा, राजाचा पोशाख घातलेला एक माणूस पायरीवर बसून सँडविच खात होता. आईचं कशातच लक्ष नाही. "पुढे चल, पुढे चल."

पुढे पडद्यांचा चौक. इमारतींना भिंती नाहीतच, नुसत्या जाहिराती. दिवसाढवळ्या डोळे दिपतात. बूट, गाडी, साबण — आणि ताई! तीन मजले उंच. चष्मा लावते आणि खाली बघते.

कॉलेजात असताना तिने एका चष्म्याच्या कंपनीसाठी एकदा काम केलं होतं. तीच जुनी जाहिरात असेल असं मी धरून चालले होते. पण हिच्या डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत. कानावर पांढरी बट आहे. ताई तर तिशीच्या आत गेली!

मी मान खाली घातली. आईने माझा दंड घट्ट धरला होता. "मेलेल्या माणसाचे केस पिकतात का गं?"

बुधवार, ८

पडद्याच्या खालीच त्या कंपनीचं दुकान आहे. एकटीच गेले. विक्रेती बरी होती. "जुन्या चित्रीकरणावरून केलंय, मॅडम. कॉम्प्युटरने वय वाढवलंय. चाळिशीचे चष्मे तरुण चेहऱ्यावर कोण घेणार?" घरच्यांना विचारत नाहीत का, म्हटलं. "हक्क तेव्हाच लिहून घेतलेले असतात." मग हळूच — "तुमच्या कोण त्या?" तिने फुकट दिलेलं चष्मा पुसायचं फडकं, विकत घेतल्यासारखं मुठीत धरून बाहेर आले.

आईला सगळं सांगितलं, नीट, समजावून. आई म्हणाली, "बरं." आणि पुन्हा वर बघत बसली.

गुरुवार, ९

पुन्हा चौक. पुन्हा तेच.

शुक्रवार, १०

चौकाच्या मधोमध दगडी पायऱ्या आहेत. तिथला एक कोपरा आईने धरलाय. संत्री सोलते, फोडी मला देते, नजर वर. "वर बघ ना जरा." — "बघितलं." — "कुठे बघितलंस! सुरू झालं की मान खाली घालतेस."

घालते! मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम करते, दिवसभर लोकांचे जबडे बघते. ताईचा वरचा सुळा वाकडा होता. यांनी तो सरळ केलाय! तेवढं दिसलं आणि पुरे झालं मला. ही ती नाही. नाहीच.

आणि आईने इतक्या दिवसांत माझ्याकडे एकदा तरी धड बघितलं का? माझेही केस पिकायला लागलेत. खरेखुरे! जिवंत होती तेव्हा तिचंच कौतुक, गेली तरी तिचंच. लिहून टाकलं. खोडणार नाही.

घरी पाहुणे येऊन बसले, मोठ्यांची गप्पांची चक्की सुरू झाली, की ताई माझ्याकडे बघून डाव्या कानाची पाळी दोनदा ओढायची. म्हणजे — चल, सटकू या. आम्ही दोघी मागच्या दाराने पसार! कोणाला कधी पत्ता लागला नाही, आईलाही नाही. त्या पायऱ्यांवर बसून हेच आठवत राहतं. मला आता कोण सोडवणार?

शनिवार, ११

चहा प्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले, तर तिथल्या काचेत ती. उलटी. जागा बदलली, तर चमच्यांच्या डब्यावर तिचा उजेड.

बाहेर एका बाईने थांबवलं. पडद्याकडे बोट, मग माझ्याकडे. "तुम्हीच ना त्या?" मी हो म्हणाले! का म्हणाले? बाईने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. मी ताईसारखी हसले. तसं हसायला मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

भीती वाटते आहे.

रविवार, १२

कडाक्याचं भांडण. पायऱ्यांवरच, लोकांसमोर. मी ओरडले — "रजा संपली! ती यंत्राने केलेली बाहुली आहे, आई! तिच्यापायी इथेच राहणार आहेस का जन्मभर?" आई संत्र्याच्या साली रुमालात बांधत होती. "तू एकदा शेवटपर्यंत बघ. मग म्हणशील तेव्हा निघते."

मला ते बघायचं नाही. पण तिला घरी न्यायचं तर दुसरा उपाय नाही.

सोमवार, १३

बघितलं. चष्मा लावते. खाली बघते. पांढरी बट मागे सारते. आणि शेवटी, जाता जाता — डाव्या कानाची पाळी दोनदा ओढते.

चष्म्याची काडी नीट करत असेल. विक्रेती हेच म्हणेल. मीही हेच म्हणते आहे.

आई पिशवी घेऊन उभीच होती. "तुम्हा दोघींना वाटायचं, आईला काही दिसत नाही. पहिल्याच दिवशी ओळखली मी तुमची खूण. निघा म्हणतेय ती. तू बघेनास, म्हणून बसून राहिले."

उद्याची तिकिटं मिळाली. आई बॅग भरते आहे, चक्क गुणगुणते आहे. माझाच पाय निघत नाही.